बराकीत पश्चिम कुठे?

फ्रेड क्रूझ नावाचा एक कैदी टेक्ससच्या जेलात होता, साठच्या दशकातली गोष्ट. दरोड्याच्या गुन्ह्यात लांबलचक शिक्षा झालेली, शाळा फार झालेली नाही, पण आत बसून बसून तो कायदा शिकला आणि बुद्धाकडेही वळला. त्या जेलात चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर होतं. सरकारी पगारावर कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरू होते, बायबल फुकट मिळायचं, आणि बायबलच्या वर्गाला हजर राहिलात तर चांगल्या वागणुकीचे पॉइंट्स मिळायचे ज्याच्यावर चांगलं काम आणि लवकर सुटका अवलंबून. क्रूझची तक्रार अशी होती की मला त्या चॅपलमध्ये बसू देत नाहीत, बाहेरच्या बौद्ध धर्मगुरूंशी पत्रव्यवहार करू देत नाहीत, आणि मी माझी बौद्ध पुस्तकं दुसऱ्या कैद्याला वाचायला दिली तर मला एकांतकोठडीत टाकून दोन आठवडे पाव-पाण्यावर ठेवलं.

खालच्या कोर्टांनी ही तक्रार ऐकूनही घेतली नाही. हे जेल प्रशासनाचं काम, आम्ही कशाला पडू, असा सूर. शेवटी मार्च १९७२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाकीच्या कैद्यांना आपापला धर्म पाळायला जशी संधी मिळते तशी वाजवी संधी या माणसालाही मिळायला हवी, केस ऐका. सोबत एका तळटीपेत हेही स्पष्ट केलं की प्रत्येक पंथासाठी, त्याची माणसं किती आहेत हे न बघता, वेगळं प्रार्थनाघर बांधून द्या असं आम्ही म्हणत नाही.

मला ही तळटीप फार महत्त्वाची वाटते, कारण क्रूझ वेगळी इमारत मागतच नव्हता. आधीच उभ्या असलेल्या खोलीत थोडा वेळ बसू द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

महाराष्ट्रात बसून ही केस वाचताना वेगळंच वाटतं. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त आपल्या राज्यात राहतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस ज्यांच्या घरात सणासारखा पाळला जातो अशी लाखो माणसं इथे आहेत, म्हणजे आपल्या जेलांमध्येही बुद्धवंदना म्हणणारे असणारच. त्यांना रोज सकाळी दहा मिनिटं शांत जागा मिळते का, हा प्रश्न टेक्ससइतकाच आपलाही आहे.

हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. गुन्हे करून आत गेलेत, त्यांचे कसले देवधर्माचे लाड? बाहेर असताना कुठे गेला होता देव? हे बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यातल्या काहींच्या घरात गुन्ह्याने झालेली जखम असते, त्यामुळे मी त्यांच्याशी तावातावाने वाद घालत नाही. पण दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे २०२२ च्या सरकारी आकडेवारीत भारतातल्या जेलांमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली जवळपास ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आत कच्चे कैदी म्हणतात ते, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. चारातले तीन. त्यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटतील. दुसरं म्हणजे शिक्षा झालेल्या माणसाचंसुद्धा कोर्टाने काय काढून घेतलेलं असतं तर त्याचं फिरणं. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जेलच्या दारातून आत गेला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. घटनेच्या २५ व्या कलमातलं धर्मस्वातंत्र्य कैद्यालाही आहे. मी बाहेर आहे, मला चतुर्थीला वाटलं तर मी उठून गणपतीला जाऊन येते, कुणाला विचारावं लागत नाही. त्याला ते पाय नाहीत, ते सरकारने बांधलेत. मग तिथपर्यंतची वाट देणं हे सरकारवरचं कर्ज झालं की, त्याला लाड कसे म्हणायचे?

माझ्या आत्याचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अप्पाच म्हणायचो, ते कारागृह खात्यात होते. रिटायर झाल्यावर दुपारी चहा घेता घेता बोलायचे. जेलबद्दल सिनेमात दाखवतात तसलं काही त्यांच्याकडे फारसं नसायचं, सगळं बारीक व्यवहाराचं. गिनती, बंदी, भत्ता, मुलाकात. एकदा मी त्यांना विचारलं, "अप्पा, आत मशीद असते का हो?" तर म्हणाले, "अगं, बराकच मशीद होते आणि बराकच देऊळ. संध्याकाळी बंदी झाली की दारं लागली, ती सकाळीच उघडायची. रोजा सुटायचा बंदीनंतर. म्हणजे खजूर, फळं, जेवण सगळं बंदीच्या आधी आत पोचवायचं, पहाटेची सहरीसुद्धा आदल्या संध्याकाळीच देऊन ठेवायची. ते वेळेत झालं नाही तर माणूस उपाशी रोजा धरतो, आणि तक्रारही करत नाही, कारण रमजानमध्ये भांडायचं नसतं."

मग ते पश्चिमेबद्दल बोलले. आपल्याकडून काबा पश्चिमेला, तर नमाजाला तोंड पश्चिमेकडे. त्यांच्या एका बराकीत संडास नेमका त्याच टोकाला होता. शंभराच्या वर माणसं, अंथरुणाला अंथरूण लागलेलं, आणि तोंड करायचं त्या बाजूला संडासाची अर्धी भिंत. अप्पांनी काय केलं तर मधे एक जाड चादर बांधायला परवानगी दिली. जेलात आडोसा करायला देत नाहीत, त्यामागे काय चाललंय ते दिसत नाही ना, पण यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिली, नमाजाच्या वेळेपुरती. आणि ती चादर धरून उभं राहायचं काम बराकीतली दुसरी मुलं करायची, हिंदू मुलं, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच मुस्लिम पोरांनी आषाढी एकादशीला आपल्या वाटणीची केळी उपासवाल्यांकडे सरकवली म्हणे. अशा गोष्टी पेपरात पण येतात अधूनमधून, तिहारमध्ये हिंदू कैदी रोजे ठेवतात आणि मुस्लिम कैदी नवरात्राचे उपास, आणि वाचून आपल्याला छान वाटतं. पण अप्पा लगेच पुढचं सांगायचे, की हे सगळं त्या बराकीतल्या माणसांच्या चांगुलपणावर चालायचं, बराक बदलली किंवा साहेब बदलला की संपलं. माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय. चांगुलपणावर सोडलेली सोय ही सोय नसते.

एका माणसाला किती जागा मिळावी याचा आपल्याकडे नियम आहे, झोपायच्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर. म्हणजे साधारण सहा फूट बाय साडेसहा फूट. मुंबईच्या आर्थर रोडसारख्या जेलात आठशेच्या आसपासच्या क्षमतेत तीन हजारांवर माणसं राहिलेली आहेत, तर हा नियम तिथे कागदावरच. पाठ टेकायला जागा नाही तिथे कपाळ टेकायला कुठून आणायची? म्हणून गर्दीचा प्रश्न आणि प्रार्थनेचा प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत.

न्यू जर्सीला मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्यामागे लागून फिलाडेल्फियाचं जुनं जेल बघितलं, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी. १८२९ साली सुरू झालेलं, १९७१ ला बंद पडलं, आता म्युझियम आहे. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या विचारातून ते उभं राहिलं. कल्पना अशी की माणसाला एकटं ठेवा, पूर्ण एकटं, हातात फक्त बायबल द्या, म्हणजे तो अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करेल. कोठडीच्या छताला एक झरोका, त्यातून वरून उजेड पडतो, त्याला देवाचा डोळा म्हणायचे. कोठडीबाहेर काढताना डोक्यावरून टोपडं चढवायचे, कुणी कुणाला बघू नये म्हणून. अख्खं जेलच म्हणजे एक प्रार्थनाघर झालं, आणि त्यात माणसं वेडी व्हायला लागली. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तिथे जाऊन आला आणि या एकांतवासाविरुद्ध त्याने कडकडून लिहिलं. मी त्या कोठडीत उभी राहून वर बघितलं तर मला धार्मिक वगैरे काही वाटलं नाही, मला भीती वाटली. इंग्लंडमध्ये लिंकनच्या किल्ल्यातल्या जुन्या जेलात त्याच काळातलं चॅपल अजून जपून ठेवलंय, त्यात प्रत्येक कैद्यासाठी उभं लाकडी खोपटं, असं केलेलं की त्याला फक्त पाद्री दिसेल, शेजारचा माणूस दिसणार नाही. सामुदायिक प्रार्थना, आणि समुदायच काढून टाकलेला.

पण त्याच फिलाडेल्फियाच्या जेलात एक सिनेगॉग आहे, ज्यू कैद्यांचं प्रार्थनाघर, विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातलं. जेल बंद पडल्यावर पार ढासळलं होतं ते, २००९ ला दुरुस्त करून पुन्हा उघडलं. छोटीशी खोली, भिंतीलगत बाकं, छतावर प्लास्टरमध्ये सहा टोकांचा तारा. ज्यू कैदी तिथे मूठभरच असायचे. शहरातले ज्यू लोक बाहेरून यायचे, त्यांच्यासोबत बसायचे, सणाला खायला आणायचे. मला त्या खोलीत बराच वेळ थांबावंसं वाटलं. त्या देवाच्या डोळ्याखालच्या कोठडीत आणि या खोलीत फरक काय, तर इथे कुणीतरी बाहेरून यायचं. आणि इथे कैदी स्वतःहून यायचा. दिवसभर कुठे जायचं, कधी उठायचं, कधी खायचं हे सगळं दुसरं कुणी ठरवतं, त्यात ही एक जागा जिथे जायचं की नाही हे तो ठरवतो. म्हणून मला टेक्ससमधले ते बायबलचे पॉइंट्स चॅपल बंद ठेवण्याइतकेच वाईट वाटतात. प्रार्थनेला बक्षीस लावलंत की ती कैद्याच्या हातून गेली. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम याबाबतीत अगदी नीट आहेत, धर्मगुरूला भेटायचा हक्क कैद्याला आहे असं म्हणतात आणि त्याच दमात हेही म्हणतात की त्याला भेटायचं नसेल तर त्याच्या मताचा पूर्ण मान ठेवा. नास्तिक कैदी पण असतात, त्यांनाही सगळ्यांसोबत टाळ्या वाजवत भजनाला बसवू नये.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. इंग्रजांच्या काळात जेलात 'धर्म सांभाळा' म्हणजे बरेचदा 'जात सांभाळा' असायचं. १८४० च्या दशकात त्यांनी कैद्यांना एकत्र स्वयंपाकाचं जेवण द्यायला सुरुवात केली तर बिहारमध्ये दंगे झाले, १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरला पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली तर कैदीच नाही, गावची माणसंही रस्त्यावर आली. यात धर्म बुडवायला निघालेत ही खरी भीती होती, ती मी नाकारत नाही. पण सरकारने त्यावर जे मिटवामिटवीचं धोरण घेतलं त्यातून स्वयंपाक कुणी करायचा, झाडू कुणी मारायचा हे जातीवर ठरायला लागलं आणि ते जेल मॅन्युअलमध्ये जाऊन बसलं. किती वर्षं बसलं? ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ते नियम रद्द केले, तोपर्यंत. काही राज्यांच्या मॅन्युअलमध्ये सफाईचं काम अमुक जातीच्या कैद्याला, स्वयंपाकी वरच्या जातीचा, हे छापलेलं होतं. म्हणून जेलात धर्माची सोय म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, त्या जागेत सगळ्यांना बसता येणार का, आणि ती जागा झाडणार कोण.

मग जागा कशी असावी? आपल्या बऱ्याच जेलांमध्ये कुठेतरी छोटं देऊळ असतं, कधी जुनं, कधी कैद्यांनीच बांधलेलं, ते काढा असं मी म्हणणार नाही, त्यावर किती जणांचा जीव असतो ते मला कळतं. कोल्हापूरच्या कळंबा जेलातल्या कैद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळलेत, ज्या देवळात स्वतः जाता येत नाही तिथला प्रसाद! नाशिक रोडच्या जेलात गणपतीच्या मूर्ती घडवतात. हे चांगलंच आहे. पण देऊळ आहे म्हणून काम झालं असं होत नाही, त्याने बाकीच्यांना कोपरा शोधायला लागतो. माझं मत विचाराल तर एक रिकामा हॉल असावा, भिंतीवर काही नको, एका कपाटात सतरंज्या, नमाजाच्या चटया, टाळ, ग्रंथ, क्रूस, बुद्धाची मूर्ती, ज्याचं त्याने काढावं आणि नंतर ठेवून द्यावं. दारावर टाइमटेबल. इंग्लंडमध्ये बऱ्याच जेलांत आता अशा मल्टीफेथ रूम आहेत. तिथल्या १९५२ च्या कायद्यात चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री प्रत्येक जेलात हवाच असं होतं आणि अजून आहे, पण त्याच्या सोबतीला आता इमाम, रब्बी, हिंदू, शीख, बौद्ध असे सगळे चॅप्लेन, म्हणजे जेलचे धर्मगुरू असतात, नवीन कैदी आला की एका दिवसाच्या आत त्यांच्यातलं कुणीतरी त्याला जाऊन भेटतं, मग त्याचा धर्म कुठलाही असो वा नसो. आतली पहिली रात्र सगळ्यात वाईट असते असं अप्पापण म्हणायचे, त्याच वेळी ही भेट.

तिकडेही सगळं सुरळीत नाही. जेलातल्या नमाजाच्या जमावाचा काही टोळ्यांनी आणि अतिरेकी विचारांच्या लोकांनी वापर केला, दमदाटी केली, यावर २०१६ मध्ये तिथे सरकारी अहवाल आला, आणि पुढच्या वर्षी फ्रँकलंड जेलात अशा कैद्यांसाठी वेगळा विभाग काढला. ही भीती खरी आहे, जेलरच्या जागी बसून बघितलं तर शंभर माणसं एकत्र जमणं म्हणजे धोकाच. पण त्यावर उपाय खोलीला कुलूप लावणं हा नाही. प्रार्थना बंद केली तर ती बराकीच्या कोपऱ्यात होणारच आणि तिथे कोण दादागिरी करतंय हे कुणाला कळणार नाही. शिकलेला, पगारी, जेलच्या स्टाफशी बोलणारा इमाम समोर असेल तर तो पोरांना सांगू शकतो की बाबा, हा तुला सांगतोय तो धर्म नव्हे. तो अधिकार जेलरला कधीच येणार नाही.

आणि इमारत नसेल तरी चालतं, हे आपल्या इथेच घडून गेलंय. धुळ्याच्या जेलात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी, विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि समोर बसलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. हवा होता तो एक रविवार, बसायला जागा आणि जेलरचं न अडवणं. जयपूरच्या जेलात १९७५ मध्ये गोएंका गुरुजींनी पहिलं विपश्यना शिबिर घेतलं तेव्हा अडचण वेगळीच होती, शिकवणाऱ्याने शिबिरभर आत कैद्यांसोबत राहायचं ही विपश्यनेची पद्धत आणि बाहेरच्या माणसाने जेलात मुक्काम करणं नियमात बसेना. वाट काढली गेली. पुढे तिहारमध्ये १९९४ ला एकाच वेळी हजारावर कैदी बसले. विपश्यनेला कुठल्याही धर्माचा माणूस बसू शकतो म्हणून अधिकाऱ्यांना ती सोयीची वाटते हे मी समजू शकते, फक्त एवढंच की नमाज मागणाऱ्याला किंवा ख्रिस्ती मिस्सा मागणाऱ्याला ध्यानाला बस म्हणून परत पाठवू नये.

सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र अलाबामाची. फेब्रुवारी २०१९. डॉमिनिक रे, मुस्लिम, फाशीची म्हणजे तिकडच्या इंजेक्शनची शिक्षा. मृत्यूच्या खोलीत कैद्यासोबत जेलचा ख्रिश्चन चॅप्लेन थांबायचा. रे म्हणाला, मला माझा इमाम हवा. नाही म्हणाले, इमाम सरकारी नोकर नाही, तो आत येणार नाही. खालच्या कोर्टाने थांबवलं, पण सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती स्थगिती उठवली, कारण काय तर अर्ज उशिरा केला. इमाम शेजारच्या खोलीतून काचेतून बघत राहिला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधात लिहिलं की ख्रिश्चन कैद्याला शेवटच्या क्षणी आपला धर्मगुरू मिळतो आणि मुस्लिमाला नाही, हे चूक आहे. महिन्या-दीड महिन्यात टेक्ससमध्ये पॅट्रिक मर्फी नावाच्या बौद्ध कैद्याने तेच मागितलं तेव्हा त्याच कोर्टाने शिक्षा थांबवली. मग टेक्ससने काय केलं? बौद्ध भिक्खूला आत घ्यायच्या ऐवजी सगळ्याच धर्मगुरूंना बाहेर काढलं. कुणालाच नको, झाली समानता.

मी हे वाचून थबकले कारण हे उत्तर आपल्या फार ओळखीचं आहे. सोसायटीत, ऑफिसात, शाळेत, कुणी एकाने मागितलं की 'मग सगळ्यांचंच बंद' हा आपल्याकडचा आवडता निकाल, आणि ज्याने मागितलं त्याच्यावर सगळे चिडणार. टेक्ससचं ते टिकलं नाही. त्यांना धोरण बदलावं लागलं आणि मार्च २०२२ मध्ये जॉन रामिरेझ या कैद्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की पास्टरला आत येऊ द्या, मोठ्याने प्रार्थना करू द्या, कैद्याच्या अंगावर हात ठेवू द्या. तीन वर्षांत तेच कोर्ट इथवर आलं. रे यांना त्याचा उपयोग झाला नाही.

महाराष्ट्रात आता गर्दी कमी करायला म्हणून नव्या जेलांच्या, नव्या बराकींच्या घोषणा होत असतात. त्यांचे नकाशे मंजूर होतात तेव्हाच तो रिकामा हॉल त्यात काढा, संडासाची भिंत पश्चिमेला घेऊ नका, आणि बाहेरून येणाऱ्या भंतेंना, मौलवींना, फादरना, ग्रंथींना, कीर्तनकारांना दर वेळी नवा अर्ज, नवी सही, नवी वाट बघणं असं न करता पोलिस पडताळणी एकदाच करून वर्षभराचा पास द्या. जुन्या जेलांमध्ये हॉल होईल तेव्हा होईल, पास तर पुढच्या महिन्यापासून देता येतील.